पंधरा दिवसांची मुदत

६ जानेवारी २०२५, सोमवार

गोदाला आज डब्याचं झाकण उघडता आलं नाही!

साधं डाळीच्या डब्याचं झाकण. न कळवता गेले होते, सूर्यमाळच्या खालच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत. साडेनऊ वाजले होते. पोरं सतरंजीवर बसलेली. गोदा पाठमोरी उभी, डबा छातीशी धरलेला, आणि झाकण कोपराने रेटत होती. कोपराने! मी दारात दिसले तशी दचकली. म्हणाली, "रुपी, जरा ये गं."

रुपी, तिची मदतनीस, चुलीपाशी होती. आली, झाकण काढलं, परत गेली. म्हणजे हे रोजचंच.

हात बघितले. बोटं मुळाशी सुजलेली, मनगट टम्म. म्हटलं, हे काय? "थंडीनं धरलंय मॅडम. उन्हं चढली का सुटंल."

मग हजेरीचं रजिस्टर काढलं. नोव्हेंबरपासून अक्षर रुपीचं. गोदाचं अक्षर मी झोपेतही ओळखीन – अकरा वर्षं बघतेय, प्रत्येक काना सरळ. माझ्या हाताखाली सव्वीस अंगणवाड्या. त्यातली ही एकच, जिथे सुपरवायझर म्हणून मला काही शोधावं लागत नाही. पाड्यावरच्या कुठल्या पोराला कधी दात आला तेसुद्धा या बाईला तोंडपाठ!

सही केली, निघाले.


७ जानेवारी

मोखाड्याच्या ऑफिसात भेटीचा अहवाल दिला. शेऱ्यात लिहिलं – समाधानकारक.


९ जानेवारी, गुरुवार

आज मुद्दाम सकाळी सातला तिच्या घरी गेले. खोडाळ्याहून जीप मिळाली, पुढचं चालत. गवत दवाने पांढरं पडलं होतं.

गोदा चुलीपाशी बसलेली. समोर कोमट पाण्याचं पातेलं आणि त्यात दोन्ही हात मनगटापर्यंत. शेजारची म्हातारी तिची वेणी घालत होती. एकोणचाळीस वर्षांची बाई, आणि वेणी दुसऱ्याकडून!

मला बघून हात काढू लागली. म्हटलं, राहू दे.

"सकाळी हात माझे नसतात मॅडम," म्हणाली. "धा वाजता येतात."

केव्हापासून? भात कापणीच्या आधीपासून. आधी बोटं, मग मनगटं, आता गुडघेही. भगताकडे जाऊन आली. बाजारातल्या एकाने दोन सुया टोचल्या. चार दिवस बरं वाटलं, परत तेच. नवरा धनेश भिवंडीला, गोदामात कामाला. त्याला सांगितलं नाही. "तो तिकडं जीवाला लावून घेल."

मग माझा हात धरला. धरला म्हणजे बोटं वळत नाहीत, तर नुसते पंजे माझ्या हातावर ठेवले. "कोणाला सांगू नका. काढतील माला. पोरांना सोडून काय करू मी?"

नाही सांगणार, म्हटलं. शब्द दिला.


१३ जानेवारी, सोमवार

नाशिकला जाऊन आलो. गोदाने रजा टाकली, मी पण. रजेचं कारण – घरगुती.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. संधिवातावरच शिकलेल्या. गोदाचं एक एक बोट हातात घेऊन बघितलं. इतक्या हळू की गोदाचे डोळे भरले. रक्त तपासलं. म्हणाल्या, हा थंडीचा नाही, वयाचाही नाही. यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं. पण लवकर आलात. उपचार घेतले तर हात वाचतात.

"काम सोडायला लागंल?" गोदाने पहिला प्रश्न हाच विचारला. दुखणं कधी थांबेल, हे नाही विचारलं!

"अजिबात सोडायचं नाही," बाई म्हणाल्या. "काम करण्याची रीत बदलायची."

दोन गोळ्या दिल्या. एक बारकी, रोज सकाळी, लगेच आराम पडायला. दुसरी खरी, रोगाच्या मुळावर जाणारी – पण ती आठवड्यातून एकदाच. फक्त गुरुवारी. हे त्यांनी तीनदा सांगितलं. "चुकूनसुद्धा रोज नाही. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर धीर धरायचा." गोदाकडून वदवून घेतलं. ती शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, "गुरवारी. एकच." दोन आठवड्यांनी परत रक्त तपासायला या, म्हणाल्या.

चिठ्ठीत गुरुवारच्या चारच गोळ्या लिहिलेल्या. दुकानदार म्हणाला, स्ट्रिप तोडून देत नाही. दहाची अख्खी स्ट्रिप दिली.

निघताना बाईंनी माझ्या हातात एक पत्र दिलं. ऑफिससाठी. सकाळी एक तास उशिरा यायची मुभा, जड उचलणं नको, मोबाईलवर माहिती भरायला मदत. एवढंच मागितलंय. "एवढं केलं तर ही बाई अजून वीस वर्षं काम करील," म्हणाल्या.

एसटीत गोदा म्हणाली, "पत्र देऊ नका मॅडम. एकदा कागदावर आलं का मी आजारी. मग आजारीच."

मलाही ते पटलं. पत्र पर्समध्ये आहे.


१६ जानेवारी, गुरुवार

पहिली गोळी घेतली, असा रुपीच्या मोबाईलवरून निरोप.


१७ जानेवारी

आज खूप दिवसांनी बरं वाटतंय! अंगणवाडीचा कायापालट करून आले.

घट्ट झाकणाचे सगळे डबे काढले. डाळ-तांदूळ नाडीच्या पिशव्यांत. पळीच्या दांड्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, जाड केली. पेनाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. गोदाने त्याने स्वतःचं नाव लिहून बघितलं. वाकडं, पण लिहिलं! दाराची कडी बसत नव्हती, ती सैल करून घेतली.

कामंही वाटून दिली. पाणी, चूल, मुलांना उचलून वजनकाट्यावर घालणं, फोटो काढून मोबाईल भरणं – रुपीकडे. गोष्टी, गाणी, घरोघरच्या भेटी, गरोदर बायांशी बोलणं – गोदाकडे. नाहीतरी ते तिच्यासारखं कोणाला जमतं! गेल्या वर्षी माघ्या आणि त्याची बायको पाच महिन्यांच्या पोरीला घेऊन वीटभट्टीवर निघाले होते. ही रस्त्यात आडवी बसली. पोरीचं वजन भरेपर्यंत हलू दिलं नाही. आता ती पोर धावते.

त्या बारक्या गोळीने आराम आहेच. नऊ वाजताच बोटं थोडी वळतात.

रुपी सगळं ऐकत होती. "बरं," एवढंच म्हणाली.


२० जानेवारी, सोमवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर अर्ज. निनावी. वहीच्या पानावर – "सेविका बसून ऱ्हाते. सगळा काम मदतनीस करते."

"हे खरं आहे का?"

माझ्या तोंडून निघालं, "नाही साहेब. थंडीत जरा अंग दुखत होतं तिचं. आता ठीक आहे."

का? पत्र पर्समध्ये होतं. पर्स मांडीवर होती. दोन मिनिटांत काढून टेबलावर ठेवता आलं असतं. पण साहेब नवीन आहेत. दिवाळीनंतर आले. माणूस कसा आहे ठाऊक नाही. मागच्या साहेबांच्या वेळी एका मदतनिसाला डोळ्याने दिसेनासं झालं, तर आठवड्यात घरी बसवली होती. ते आठवलं.

साहेबांनी अर्ज फाइलीत ठेवला. "चार फेब्रुवारीला मी स्वतः येतो. माझ्यासमोर मूल काट्यावर घालायचं, माझ्यासमोर रजिस्टर भरायचं. जमलं तर हा अर्ज फाडून टाकतो. नाही जमलं तर मला पुढची कारवाई करावी लागेल. पंधरा दिवस आहेत."

थँक यू साहेब, म्हणाले मी. थँक यू!


२१ जानेवारी

गोदाला सांगितलं. ओट्यावर बसलो होतो. तिने दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले, मग सुलटे.

"पंधरा दिसांत सुटतील?"

"सुटतील की! आत्ताच बघ केवढा फरक आहे. तू फक्त गोळ्या चुकवू नकोस."

"नाय चुकवत," म्हणाली.


२३ जानेवारी, गुरुवार

तक्रार कोणी केली ते कळलं. शोधावं लागलंच नाही.

विहिरीच्या वाटेवर रुपी भेटली. डोक्यावर दोन हंडे, वर कळशी. मी म्हटलं, रुपी, कोणीतरी अर्ज केलाय, तुला काही माहीत? ती थांबली. हंडे उतरवले नाहीत.

"मीच केला."

म्हटलं, का?

"गोदाबायवर माझा राग नाय. तिनं माझी दोन्ही बाळंतपणं काढली. राग तुमच्यावर हाय. तुमी आल्या, ह्यो डबा काढा, ती पिशवी ठेवा, रुपी ह्ये करंल, रुपी त्ये करंल. माला इचारलं? एकदा तरी? पाणी मी आणायचा, चूल मी पेटवायची, पोरां मी उचलायची, मोबाईल मी भरायचा. आन नाव मदतनीस. माझी पाठ कोणी बघितली? ती मोडंल तवा माझ्यासाठी कोण पिशव्या शिवंल?"

कळशीतलं पाणी हिंदकळून तिच्या मानेवरून ओघळत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "आता चार तारखेला काय व्हईल त्ये व्हईल. मी साहेबाफुडं काय बोलनार नाय." आणि चढाला लागली.

खोलीवर येऊन जेवले नाही. एकीची नोकरी वाचवायला दुसरीच्या डोक्यावर ओझं ठेवलं, आणि त्याला मी सोय म्हणत होते.


२५ जानेवारी, शनिवार

जामसरला, घरी. बाबा म्हणाले, चेहरा का उतरलाय? ऑफिसचं काम, म्हटलं. नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी. पोटभर जेवले. लाज वाटली.


२८ जानेवारी, मंगळवार

गोदाने मूठ मिटून दाखवली!

पूर्ण नाही, पण मिटली. माझ्यासमोर खडू धरला, फळ्यावर तारीख लिहिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या – त्यांना वाटलं नवा खेळ आहे. मला हसूच आवरेना. म्हटलं, बघ, सांगितलं नव्हतं?

जरा सुकल्यासारखी वाटली. भाकरी जात नाही म्हणाली, पेजेवर आहे. "तोंड आलंय." तिखट कमी खा, म्हटलं.

नाशिकला रक्त तपासायला काल जायचं होतं. तिनेच सांगितलं, "चार तारीख होऊ दे मॅडम. आता रजा टाकली तं परत बोट दाखवतील." बरोबर आहे तिचं. पाच तारखेला नेते.


३१ जानेवारी

उद्यापासून रुपीला पाण्यासाठी पाड्यावरच्या दोन बाया आळीपाळीने मदत करतील. बचत गटाच्या बैठकीत मीच विषय काढला. रुपीला आधी विचारलं. "बघू," म्हणाली. पण मान हलवली.

गोदा बैठकीत बोलली नाही. दंडावर जांभळे ठिपके दिसले. हे कसले? "काय तरी चावलं आसंल." ओठही फाटलेत. थंडी फार आहे यंदा.


४ फेब्रुवारी, मंगळवार

झालं. जमलं! पण –

क्रमाने लिहिते.

साहेब अकराला आले. गोदाने नवं लुगडं नेसलेलं, केस तिचे तिनेच बांधलेले. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, भीती.

साहेब म्हणाले, चला, वजन घ्या. माघ्याची पोर पुढे आली, सगळ्यांत गुटगुटीत तीच. काटा आढ्याला टांगलेला. गोदाने पोरीला काखेत धरून उचललं. रुपी चुलीपाशी उभी, तिचे दोन्ही हात नकळत पुढे आलेले – पोर सुटली तर झेलायला. सुटली नाही. झोळीत बसवली. आकडा वाचला. रजिस्टर उघडलं, पोरीच्या नावापुढे लिहिलं. काना सरळ!

साहेबांनी रजिस्टर हातात घेऊन बघितलं. मोबाईलही भरायला लावला. मग अर्ज काढला आणि खरंच फाडला. "कामाला लागा," म्हणाले. माणूस वाईट नसावा.

गाडी वळणाआड गेली. गोदा उभी होती तिथेच खाली बसली. पदराने तोंड पुसलं, पदर लाल. हिरड्यांतून रक्त. मी हात लावला तर अंग तव्यासारखं.

"गोदाबाय!" रुपीने तिला मागून मिठीत धरलं. "आगं, दोन दिस झालं ही पाणीसुदा गिळत नाय मॅडम. माला म्हनली, मॅडमला बोलू नको, चार तारीख जाऊ दे."

एकशे आठची गाडी यायला दीड तास लागला. खोडाळ्याला सलाईन लावलं. तिथल्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून बघितली आणि म्हणाले, इथे ठेवू नका.

आता नाशिकला आहे. वॉर्डाबाहेरच्या बाकावर लिहितेय.


५ फेब्रुवारी

त्याच डॉक्टरीणबाई आल्या. रक्ताचा रिपोर्ट बघितला, परत बघितला. गोदाला विचारलं, "गुरुवारची गोळी कशी घेत होतीस?"

गोदा माझ्याकडे बघायला लागली. मग पिशवीकडे मान केली. मी पिशवी उघडली. स्ट्रिप होती. दहाच्या दहा घरं रिकामी.

तीनच गुरुवार झालेत.

"रोज घेतली?"

तिला बोलताना जीभ हलवता येत नव्हती. तुकडे तुकडे बोलली. "हप्त्याला एकीनं – एवढा फरक. मंग रोज घेतली तं – लौकर. पंधराच दीस होते बाय."

बाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. रागावल्या नाहीत. बाहेर येऊन मला सांगितलं – फरक पडला तो त्या बारक्या गोळीने. ही दुसरी रोज घेतली की हाडातलं रक्त तयार होणंच थांबतं. पांढऱ्या पेशी नऊशे. चार हजारांच्या वर हव्यात. उतारा सुरू केलाय. आता बघायचं.

मग विचारलं, "ऑफिसने माझ्या पत्रावर काय केलं?"

मी पर्स उघडली. पत्र दाखवलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

त्यांनी ते हातात घेतलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.


६ फेब्रुवारी, गुरुवार

धनेश आला. भिवंडीहून रातोरात निघालेला, अंगावर गोदामाचाच शर्ट. बायकोच्या उशाशी बसला. तिने डोळे उघडले, तर म्हणाला, "काय गं, माला एक फोन नाय करायचा? मी सुट्टी टाकली असती ना."

बाहेर मला म्हणाला, "मॅडम, ती बोलली, मॅडमनी सांगितलेलं गोळ्या चुकवू नको. म्हणून नाय चुकवल्या."

दोष देत नव्हता. आभार मानावेत तशा सुरात सांगत होता.


७ फेब्रुवारी

ताप उतरत नाही. दोन बाटल्या रक्त चढवलं. त्यातली एक धनेशच्या गोदामातल्या कोणीतरी दिली.

रुपीचा फोन – "अंगणवाडी चालू हाय म्हना गोदाबायला. पोरां रोज इचारतात." गोदाच्या कानाला फोन लावला. मागून पोरांचा गलका ऐकू येत होता. तिने बराच वेळ ऐकलं. शेवटी म्हणाली, "मंगळवारी अंडी – द्या." बोलणं एवढंच झालं.


८ फेब्रुवारी

आज पेशी बाराशे. बाई म्हणाल्या, वळण घेतील कदाचित. धनेशने मला चहा आणून दिला. दोघं बाकावर बसून प्यायलो.

संध्याकाळी गोदा शुद्धीवर होती. मी सांगितलं – गोदा, मी पत्र साहेबांना देणार आहे. आधीच द्यायला हवं होतं. तिने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. विचारलं परत, तोवर झोप लागली होती.


१० फेब्रुवारी, सोमवार

गोदा सकाळी साडेसहाला गेली.


१२ फेब्रुवारी

पाड्यावर सगळे जमले होते. आजूबाजूच्या पाड्यांवरूनही बाया आलेल्या – पोरं कडेवर, जिची तिची. ज्या पोरांना तिने वाढवलं त्यातली काही आता दहावीला आहेत. ती लांब, आंब्याच्या झाडाखाली उभी.

माझ्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघितलं नाही. पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली. ते सहन होईना.

रुपी जवळ येऊन बसली. म्हणाली, "मी त्यो अर्ज केला नसता तं –"

म्हटलं, "मी पत्र दिलं असतं तर."

ओझं वाटून हलकं होतं म्हणतात. नाही होत. दोघींकडेही अख्खंच राहतं.


१७ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी टिपण मागितलं. "अल्पशा आजाराने निधन, एवढं लिहा. बाकी मी बघतो."

मी तीन पानं लिहून नेली. सगळं. हात कधीपासून दुखत होते, मी कधी बघितलं, अहवालात काय लिहिलं, वीस जानेवारीला त्यांच्यासमोर काय खोटं बोलले, गोळ्या, रिकामी स्ट्रिप, पेशी. खाली सही. मागे डॉक्टरांचं पत्र जोडलं.

साहेबांनी पानं वाचली. पत्र वाचायला जास्त वेळ लागला, खरं तर ते आठ ओळींचंच आहे.

"एक तास उशीर आणि उचलायला माणूस. एवढंच मागितलं होतं?"

"हो."

"मला त्या दिवशी दाखवलं असतंत तर..." म्हणाले.

तर काय? दिली असती मुभा? का नाव कमी केलं असतं? त्यांनाही ठाऊक नसावं. आता ते कोणालाच कळणार नाही. गोदाला तर नाहीच.

"हे फाइलीला लावलं तर तुमच्यावर येईल, हर्षदाबाई. चौकशी लागेल."

लावा, म्हटलं.


२० फेब्रुवारी

नोटीस आली. सात दिवसांत खुलासा. खुलासा तर दिलेलाच आहे. तोच परत दिला.

रुपीकडे अंगणवाडीचा तात्पुरता कारभार. साहेबांसमोर बसून म्हणाली, "मी करंन. पन आधी माझ्या जागी बाई द्या. मी येकटी नाय करनार." साहेबांनी लिहून घेतलं. मी मान खाली घालून बसले होते. तिची पाठ ताठ होती.


२३ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरीणबाईंना फोन केला. का केला कळत नाही. त्या म्हणाल्या, माझ्याकडे येणाऱ्या दहा बायकांतल्या सात कामावर सांगत नाहीत. शेतावर, शाळेत, शिलाईवर, कुठेच नाही. "सगळ्यांना वाटतं, हात लपवले की नोकरी राहते."


२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सातला दार वाजलं. लाडकी. माझ्याच हाताखालची सेविका, पार शेवटच्या पाड्यावरची. अंधारातच निघाली असणार, तेव्हा कुठे एवढ्या लवकर खोडाळ्यात पोचली. आत आली, दार लावून घेतलं आणि पदराखालून हात काढले. बोटं मुळाशी सुजलेली.

"गोदाबाय सांगायची – हर्षदा मॅडमकडं जा. त्या झाकून घेतात. कोणाला कळू देत नाय."

मी म्हटलं, "लाडके, नाही झाकणार. आजच ऑफिसात सांगायचं. मी येते बरोबर."

तिने हात पदरात घेतले, कडी काढली आणि पळाली. मी अनवाणीच मागे. नाक्यावर गाठली, दंड धरला, सोडलाच नाही.

आता समोर बसलीय. रडतेय. चहा तसाच.

मोखाड्याची गाडी नऊला आहे.